जामीन कोण राहील?

मराठीत 'जामीन' हा एकच शब्द दोन कामे करतो. कोर्टातून सुटका होते तोही जामीन, आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी जो स्वतःची मान पुढे करतो तोही जामीन. उर्दूत सुटकेला जमानत म्हणतात आणि हमी घेणाऱ्या माणसाला जामिन. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे या गोंधळाशी माझी दर वर्षी गाठ पडते. नववीच्या मुलांना 'जामीन' म्हटले की पोलीस ठाणे आठवते. त्यांच्या घरातल्या दादी-नानींना मात्र 'इमाम जामिन' ठाऊक असतो. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर कापडात नाणे गुंडाळून बांधतात तो. (तो बांधावा की बांधू नये यावर आमच्या मोहल्ल्यात दोन मते आहेत. तो वाद इथे नको.) दंडावर ते नाणे बांधणाऱ्या आईच्या मनात एवढेच असते की आपला मुलगा परक्या मुलखात चालला आहे, त्याच्या पाठीशी कुणीतरी असावे.

उद्योगधंद्यात उतरणे हाही एक परका मुलूखच आहे. निदान ज्यांच्या घरात मागच्या तीन पिढ्यांत कुणी बँकेची पायरी चढले नाही, त्यांच्यासाठी तरी. अशा माणसांना धंद्यात पुढे आणावे म्हणून सरकारने धोरणे आखली, महामंडळे काढली. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने १९९४ साली राष्ट्रीय पातळीवर वित्त महामंडळ काढले आणि २००० साली राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आले. २००६ साली पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम आला. २००८ साली राज्यात अल्पसंख्याक विकास हा स्वतंत्र विभाग झाला. कागदावर पाहिले तर या धोरणाचा हेतू चांगला आहे आणि मला त्याची टिंगल करायची नाही. आमच्या गावातल्या काही मुलांचे शिक्षण आणि काहींचे दुकान अशा कर्जांवरच उभे आहे.

पण अशा कर्जांच्या अर्जात साधारणपणे एक रकाना असतो. 'जामीनदाराचे नाव, हुद्दा, मासिक वेतन.' कुठे एक जामीनदार लागतो, कुठे दोन. जामीनदार सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेतला कायम नोकरदार असावा, नाहीतर त्याच्या नावे घर-जमीन असावी. सोबत पगारपत्रक, आणि हप्ता थकल्यास पगारातून कपात करण्यास हरकत नाही अशा अर्थाचे पत्र, त्यावर कार्यालयप्रमुखाची सही आणि शिक्का. हा रकाना वरवर कारकुनी वाटतो. कुणी त्यावर भाषण करीत नाही, कुणी मोर्चा काढत नाही. तरीही मला वाटते की सगळ्या धोरणाची नैतिक बाजू याच रकान्यात येऊन अडकली आहे.

तसे का वाटते ते सांगते.

न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. आपल्या सभांमध्ये त्यातले एक वाक्य हजारदा ऐकले आहे की मुसलमान मागे आहेत. त्यातली एक गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगते. मुसलमान कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर जगत होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. शहरांत तर फरक आणखी मोठा होता. मुसलमान ५७ टक्के, हिंदू ४३ टक्के. म्हणजे आपल्याला 'उद्योजक व्हा' म्हणून उपदेश करण्याआधीच आपण बहुसंख्येने आपापले धंदे करीत होतो. सायकलचे पंक्चर काढणारा, भंगार गोळा करणारा, जुन्या गादीचा कापूस पिंजणारा, घरात बसून कांड्या भरणारी, पिको-फॉल करणारी, हातगाडीवर केळी विकणारा. यांना कुणी नोकरी दिली नाही म्हणून त्यांनी स्वतःला नोकरी दिली.

त्याच अहवालात दुसरी बाजूही होती. देशाच्या लोकसंख्येत तेव्हा १३.४ टक्के असलेल्या मुसलमानांचा बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या रकमेत वाटा पाच टक्क्यांहूनही कमी होता. काही बँका शहरांतले काही भाग 'नकारात्मक' ठरवून तिथे कर्ज देण्याचे टाळतात, हेही समितीने नोंदवले. आणि नोकरीचे काय? रेल्वेत मुसलमानांचे प्रमाण ४.५ टक्के निघाले.

आता हे आकडे त्या रकान्याशेजारी ठेवून पाहा. ज्या समाजाला नोकऱ्या मिळत नाहीत, त्याला धंद्यासाठी कर्ज द्यायचे. आणि कर्जाला अट अशी की नोकरदार जामीन आणा. ज्या उणिवेवर औषध म्हणून ही योजना आली, तीच उणीव नसल्याचा दाखला योजना मागते. तापावरची गोळी हवी असेल तर आधी ताप नाही असे सिद्ध करा! अर्ज सर्वांना सारखाच आहे, अट सर्वांना सारखीच आहे, असे कार्यालयातले लोक म्हणतात आणि ते खरेही आहे. पण ज्या गल्लीत दर तिसऱ्या घरात पगारपत्रक आहे आणि ज्या गल्लीत चाळीस घरांत मिळून एक आहे, त्या दोन्हीकडे तीच अट सारखी कशी होईल?

आपल्याकडचे पुढारी नेहमी एक गोष्ट सांगतात. नोकऱ्यांच्या मागे लागू नका, धंदा करा, धंदा सुन्नत आहे. सांगण्यात चूक नाही. पण त्या सांगण्यात असे गृहीत धरलेले असते की नोकरी आणि धंदा हे दोन वेगळे रस्ते आहेत, एक बंद झाला तर दुसऱ्याने जा. प्रत्यक्षात तसे नाही. ज्या समाजात शिक्षक, तलाठी, नर्स, कंडक्टर आहेत त्याच समाजातल्या दुकानदाराला कर्ज मिळते. एकाची नोकरी दुसऱ्याच्या धंद्याचे तारण असते. म्हणून 'मुसलमानांना उद्योजक करू' असे धोरण जर 'मुसलमानांच्या नोक�ऱ्यांचे पाहू नका' या अर्थाने राबवले गेले, तर ते उद्योजकही करू शकणार नाही.

हा भार शेवटी येतो कुठे, तर आमच्यासारख्यांवर. आमच्या शाळेत शिक्षक बरेच आहेत, पण जामीन राहण्यायोग्य थोडे. काही विनाअनुदानित तुकड्यांवर, काही शिक्षण सेवक. शिक्षण सेवकाची तीन वर्षे मानधनावर जातात. त्या काळात त्याच्या सहीला किंमत नसते. मी कायम झाले त्याच महिन्यात दोन जण घरी आले होते. मिठाई घेऊन. एक माझी जुनी विद्यार्थिनी, दुसरा आमच्या गल्लीतला, लांबचा मामू लागणारा. विद्यार्थिनी म्हणाली, "आपा, आपकी साइन होना." तिला शाळांचे गणवेश शिवण्यासाठी तीन मशीन आणि एक ओव्हरलॉक घ्यायचे होते. मामूला रिक्षा घ्यायची होती. एका पगारावर दोन कर्जांना जामीन राहता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, मामूला नाही म्हटलेस तर रिश्ता तुटेल. मुलीला नाही म्हटले तर काय तुटेल ते कुणी बोलले नाही. मी मुलीच्या अर्जावर सही केली. कार्यालयातल्या साहेबांनी पगारपत्रक दोनदा पाहिले आणि विचारले, "मिस्टरांना विचारलंत का?" पगार माझा, सही माझी, आणि कपातही माझ्याच पगारातून होणार होती.

त्या मुलीने हप्ते फेडले. पण हे सांगून मी माझी निवड बरोबर होती असे सिद्ध करीत नाही, कारण मामूनेही फेडले असते कदाचित. त्यांनी पुढे खासगी सावकाराकडून पैसे उचलून रिक्षा घेतली. ईदला आता ते आमच्याकडे येत नाहीत. आमच्याच स्टाफरूममधल्या एका सरांची गोष्ट याहून वाईट आहे. ज्याला ते जामीन राहिले तो धंदा गुंडाळून आखातात गेला आणि सरांच्या पगारातून बरीच वर्षे कपात झाली. सरांची स्वतःची मुलगी तेव्हा बारावीत होती. त्यांनी त्या माणसाविरुद्ध एक शब्द काढला नाही, फक्त त्यानंतर ते कुणाच्या निकाहला साक्षीदार म्हणूनही सही करीत नाहीत. हसत सांगतात, पण करीत नाहीत.

जामीन राहणे ही आपल्या परंपरेत लहान गोष्ट नाही. फिकहच्या ग्रंथांत तिला कफालत म्हणतात आणि नियम असा की जो हमी घेतो त्याच्यावर कर्ज येते. हमी म्हणजे नुसती शिफारस नव्हे. हदीसमधला एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकलेला असतो. एक जनाजा आणला गेला. पैगंबर मुहंमद (स.) यांनी विचारले की मयतावर काही कर्ज आहे का. आहे, असे कळले. त्याने काही मागे ठेवले आहे का? नाही. तेव्हा त्यांनी सोबत्यांना नमाज पढायला सांगितले आणि स्वतः पढवली नाही. अबू कतादा (रजि.) पुढे झाले आणि म्हणाले की याचे कर्ज माझ्याकडे, मग पैगंबरांनी नमाज पढवली. बयान बहुधा इथे थांबते आणि कर्ज किती भयंकर आहे हे सांगून मौलाना दुआकडे वळतात.

पण ही रिवायत पुढे आहे, आणि ती पुढची बाजू आपल्या विषयाला फार जवळची आहे. नंतर जेव्हा मुस्लिमांच्या खजिन्यात पैसा येऊ लागला, तेव्हा पैगंबरांनी जाहीर केले की जो कर्ज ठेवून वारेल त्याचे कर्ज फेडण्याची जबाबदारी माझी, आणि जो मालमत्ता ठेवून वारेल त्याची मालमत्ता त्याच्या वारसांची. म्हणजे खजिना रिकामा होता तोवर शेजाऱ्याने जामीन राहायचे; खजिन्याला ऐपत आली तेव्हा ती जबाबदारी खजिन्याने उचलली. मी आलिमा नाही, या प्रसंगावरून आजच्या सरकारी योजनेचा फतवा काढण्याचा माझा अधिकार नाही. एक शिक्षिका म्हणून मला त्यात एक क्रम दिसतो, इतकेच. शेजाऱ्याची हमी ही नाइलाजाची पहिली पायरी आहे. सार्वजनिक तिजोरी असताना तिजोरीने अबू कतादा शोधत मोहल्ल्यात हिंडावे, यात काहीतरी उलटे आहे.

असेच आणखी एक उदाहरण आपण अर्धेच सांगतो. मक्केहून हिजरत करून आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदीनेतल्या साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी ती नाकारली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. पुढे ते मोठे व्यापारी झाले. धंद्यावरच्या प्रत्येक व्याख्यानात हा किस्सा येतो आणि तात्पर्य असते की कुणापुढे हात पसरू नका. तात्पर्य ठीक आहे. पण अर्धी संपत्ती देऊ करणारा भाऊ पाठीशी उभा असताना बाजाराची वाट विचारणे आणि पाठीशी कुणीही नसताना विचारणे, या दोन गोष्टी एक नाहीत. पडलो तर झेलायला साद आहेत हे अब्दुर्रहमान यांना माहीत होते. शिवाय त्या बाजारात परक्याला जागा होती आणि वाट सांगणाऱ्याने वाट सांगितली. 'हा भाग नकारात्मक आहे' असे कुणी म्हटले नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारने जामीन राहायचे म्हणजे अल्पसंख्याकांचे लाड. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी महाराष्ट्राच्याच इतिहासाकडे पाहायला सांगेन. सहकारी साखर कारखाने हे आपल्या राज्याचे प्रादेशिक धोरण म्हणून जगभर नावाजले गेले. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. ऊस पिकवणारा शेतकरी कारखानदार झाला तो काय त्याच्या भावकीतल्या एखाद्या मास्तरच्या पगारपत्रकावर? सरकारने कारखान्यांत भागभांडवल घातले आणि त्यांच्या कर्जांना थकहमी दिली. थकहमी हा शब्द पाहा किती सुंदर आहे. तुम्ही थकलात तर आम्ही आहोत. पुढच्या काळात यातल्या कित्येक कर्जांपायी सरकारला स्वतःच्या तिजोरीतून पैसे भरावे लागले, तरी ही पद्धत बंद झाली नाही. अगदी २०२४ सालीही राज्य सरकारने काही कारखान्यांच्या कर्जांना हमी दिली. मी कारखान्यांच्या विरोधात नाही. ग्रामीण महाराष्ट्रातली कॉलेजे, दवाखाने, रस्ते त्यांच्यामुळे आले, आणि त्या कॉलेजांत आपलीही मुले शिकली. माझे म्हणणे एवढेच की राज्याला जामीन राहता येते, ते राहात आलेले आहे, आणि मोठ्या रकमांना राहिलेले आहे. मग तीन शिलाई मशीनच्या कर्जाला त्याला माझी सही का लागते?

याउलट जिथे हमी मिळाली नाही तिथे काय झाले तेही पाहू. मालेगाव-भिवंडीच्या छोट्या मागवाल्याकडे स्वतःचे चार-सहा यंत्रमाग असतात. कागदोपत्री तो उद्योजक. पण सूत घ्यायला त्याच्याकडे खेळते भांडवल नसते. मग व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून त्यालाच परत देतो आणि मजुरी घेतो. माग याचा, जागा याची, विजेचे बिल याचे, आणि तरी हा आपल्याच कारखान्यातला मजूर. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली. तिचा लाभ बँकेच्या कर्जामार्फत मिळायचा. ज्याची बँकेत पतच नाही त्याच्यापर्यंत ती योजना कशी पोहोचणार? बँक जामीन मागते, व्यापारी मागत नाही. व्यापारी त्याऐवजी स्वातंत्र्य ठेवून घेतो.

बायकांनी यावर आपापला उपाय काढलेला आहे, तो म्हणजे भिशी. वीस जणी दरमहा पाचशे रुपये टाकतात, दर महिन्याला एकीला दहा हजार मिळतात. जिचा नंबर आधी लागला ती खरे म्हणजे कर्जदार, जिचा शेवटी लागला ती सावकार, आणि व्याजाचा प्रश्नच नाही. स्टॅम्प पेपर नाही, पगारपत्रक नाही. एकमेकींचे चेहरे हेच तारण. मला भिशीविषयी फार आदर आहे; माझ्या नोकरीआधीची बी.एड.ची फी भिशीतूनच भरली गेली. पण दहा हजारांत पिठाची गिरणी येत नाही. विश्वास भरपूर आहे, पण ज्या गल्लीत पैसाच कमी आहे तिथला विश्वास तेवढ्याच रकमेचा.

बांगलादेशच्या मुहंमद युनूस यांनी हाच विश्वास बँकेत नेला. चितगाव विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकवत. १९७६ साली शेजारच्या जोब्रा गावातल्या ४२ जणांना त्यांनी खिशातून मिळून २७ डॉलर इतकी रक्कम दिली, आणि मग बँकेकडे गेले. बँक म्हणाली, या लोकांना तारण नाही. तेव्हा युनूस स्वतः जामीन राहिले. म्हणजे तिथेही पहिला जामीन एक मास्तरच! पण ते तिथे थांबले नाहीत, आणि हे मला महत्त्वाचे वाटते. एका प्रोफेसरच्या सहीवर गाव किती दिवस चालणार हे त्यांनी ओळखले आणि १९८३ साली कायद्याने ग्रामीण बँक उभी राहिली, जिथे तारण लागत नव्हते. २००६ साली त्यांना आणि बँकेला शांततेचे नोबेल मिळाले. पुढे याच कल्पनेची नक्कल करून आपल्याकडे ज्या खासगी कंपन्या आल्या, त्यांनी जामीन काढला नाही, तो गटातल्या बायकांवर ढकलला. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी भरायचा, भरेपर्यंत कुणी उठायचे नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात यातून आत्महत्यांपर्यंत गोष्ट गेली आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. गरिबालाच गरिबाचा जामीन केले की शेजार राहात नाही, वसुली खाते तयार होते. आमच्या गल्लीत मी हे पाहते आहे.

आपल्या सरकारला हे कळत नाही असे नाही. लघुउद्योगांच्या कर्जांसाठी पत हमी निधी २००० सालापासून आहे. कर्ज बुडाले तर बँकेला नुकसानीचा मोठा भाग तो निधी भरून देतो. रिझर्व्ह बँकेने २०१० साली लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जांना तारण मागू नका असे बँकांना बजावले. २०१५ साली मुद्रा योजना आली, तीही विनातारण. यातली बहुतेक कर्जे पन्नास हजारांच्या आतली राहिली, म्हणजे भिशीच्या दोन-चार पायऱ्या वर. तरीही तत्त्व मान्य झाले आहे की नव्या माणसाच्या पडण्याचा धोका सार्वजनिक निधीने उचलायचा. ते तत्त्व महामंडळांच्या त्या रकान्यापर्यंत यावे, आणि जिल्ह्यात मुस्लिम वस्ती किती, तिथे पगारदार किती, हे पाहून हमीचा निधी ठेवावा, एवढी माझी मागणी आहे. जिथे जामीन दुर्मिळ तिथे सरकारची हमी जास्त. खऱ्या अर्थाने प्रादेशिक धोरण ते असेल.

आता आपल्या बाजूचे थोडे बोलू, कारण ते टाळून हा लेख लिहिणे प्रामाणिक होणार नाही. सरकारी कर्ज बुडवायचेच असते, अशी एक समजूत आपल्यात आहे. (इतरांतही आहे, पण इतरांची वकिली इतर करतील.) मी लोकांना म्हणताना ऐकले आहे की सरकारने आपल्याला काय दिले, हा आपला हकच आहे. गंमत म्हणजे यातलेच काही लोक व्याज हराम म्हणून हप्त्यातले व्याज द्यायला नाराज असतात आणि मुद्दल मात्र न फेडता झोपू शकतात. बंद्याचा हक अल्लाहही परस्पर माफ करीत नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. शहिदाच्याही कर्जाची सुटका नाही असे सांगितले जाते. मग महामंडळाच्या पैशाचा बंदा कोण? सरकार ही कुणी व्यक्ती नाही, म्हणून तो हक कुणाचाच नाही असे मनाला वाटते. पण तो पैसा फिरता असतो. परत आलेल्या हप्त्यातून पुढच्या अर्जदाराला द्यायचे असते. म्हणजे जो बुडवतो तो रांगेतल्या त्याच्या मागच्या माणसाचे बुडवतो, आणि तो मागचा माणूस बहुधा त्याच्याच मोहल्ल्यातला असतो. सरकार जामीन राहिले की ही लबाडी वाढेल, असे अधिकारी म्हणतात. थोडी वाढेलही. साखरेतही वाढली होती. पण लबाडाला रोखायला पगारपत्रकाची अट उपयोगी नाही. ती लबाडाला नव्हे, ओळख नसलेल्याला रोखते. लबाडाला जामीन सापडतो. आमच्या सरांना विचारा.

खरा अवघड माणूस तिसराच आहे. तो लबाड नाही, पण त्याचा धंदा चालला नाही. मशीन आले आणि टाळेबंदी लागली, २०२० साली असे कितीतरी झाले. शिवलेल्या गणवेशांचे गठ्ठे पडून राहिले कारण शाळाच बंद. त्याला बुडव्या म्हणणे अन्याय आहे आणि सोडून देणेही कठीण. कुरआनमध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितले आहे, आणि जकातीच्या आठ खर्चांत कर्जात बुडालेल्यांचा खर्च स्पष्टपणे मोजलेला आहे. आपल्या गावांत रमजानमध्ये जकात जमते ती मदरसे, राशनचे किट, गरीब मुलींची लग्ने यांत जाते. चांगलेच आहे. पण कर्जदारांचा तो खर्च किती जमातींनी कधी वापरला? इमानदारीने धंदा करून बुडालेल्या एखाद्याचे उरलेले मुद्दल बैतुलमालने फेडले, तर महामंडळाचा पैसा परत जाईल, जामीन राहिलेला मास्तर वाचेल आणि तो माणूस पुन्हा उभा राहू शकेल.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. इमानदारीने बुडाला की हलगर्जीने, हे ठरवायचे कुणी आणि कशावरून? त्यासाठी वही लागते. रोजची आवक, रोजचा खर्च, उधारी, माल किती पडून आहे, हे लिहिलेले असावे लागते. आमच्याकडे धंदा करणाऱ्या बहुतेकांचा हिशेब डोक्यात असतो आणि त्यातला अर्धा विसरलेला. जमातीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मी आमच्या घरच्यांमार्फत मांडला (बायकांना तिथे बसायला अजून जागा नाही), तेव्हा कुणीतरी म्हणाले की हिशेब पाहायला सीए लागेल, तो कुठून आणायचा? सीए कशाला लागतो? शाळेत वाणिज्य शिकवणारे दोन शिक्षक आहेत, आणि गणवेश शिवणारी ती मुलगी स्वतःची वही उर्दूत, उजवीकडून डावीकडे, इतकी नीट ठेवते की हप्त्याची तारीख मी विसरले असेन तेव्हाही तिने मला पावती आणून दाखवलेली आहे.